तिजोरीची किल्ली

आमच्या ऑपरेशन थिएटरच्या कपडे बदलायच्या खोलीत चोर आहे, हे सगळ्यांना माहीत होतं. कोण, ते मात्र कुणालाच माहीत नव्हतं. त्यामुळे आम्ही सगळ्या सिस्टर एकमेकींकडे तिरक्या नजरेने बघत आणि तोंडाने गोड बोलत कपडे बदलायचो.

आधी छत्र्या गेल्या. मग घड्याळं जायला लागली. भूल देणाऱ्या मॅडमचा जेवणाचा डबा गेला आणि काही दिवसांनी धुऊनपुसून जागच्या जागी परत आला. चोर असला तरी घरचं वळण चांगलं होतं, असं आम्ही म्हणालो. भिंतीला पत्र्याची कपाटं होती, पण अर्ध्यांची दारं लागत नव्हती आणि उरलेल्यांना कुलूप अडकवायला कडी नव्हती. आम्ही ओरडलो, अर्ज केले, वरिष्ठांच्या डोक्याशी कटकट केली. तेव्हा कुठे ऑफिसने दखल घेतली आणि खोलीत एक पाटी लावली, 'आपल्या सामानाची जबाबदारी आपली स्वतःची.' पुढे त्या पाटीचे स्क्रूही कुणीतरी काढून नेले. पाटी कपाटावर टेकवून ठेवली होती, ती तशीच राहिली.

मग जी ती आपापल्या अकलेने सामान लपवायला लागली. भूल देणाऱ्या मॅडम मोबाइल सगळ्यात मोठ्या मापाच्या हातमोज्यांच्या खोक्यात ठेवायच्या, कारण तेवढा मोठा हात आमच्याकडे कुणाचाच नव्हता. मी पाकीट मळक्या चादरींच्या टोपलीखाली सरकवायची. एक सिस्टर कानातली मोज्यात घालून चालायची आणि दिवसभर लंगडायची.

पण या सगळ्यात कडक बंदोबस्त होता तिजोरीचा. तिजोरी म्हणजे माझी मैत्रीण, आमच्या थिएटरची सगळ्यात हुशार सिस्टर. हे नाव मीच ठेवलं होतं आणि ते एवढं चिकटलं की डॉक्टरसुद्धा तिला तिजोरी म्हणायचे. तिची पर्स पहिल्याच चोऱ्यांमध्ये गेली होती. पर्समध्ये घराची किल्ली होती आणि घरचा पत्ता लिहिलेलं विजेचं बिलही होतं. चोराला घरी यायचं आमंत्रणच म्हणा ना! तेव्हापासून तिने धसका घेतला. दाराबाहेर लोखंडी जाळीचं दुसरं दार बसवून घेतलं आणि त्याला असं कुलूप आणलं की ते बसवणाराच म्हणाला, "बाई, किल्ली हरवली तर मला बोलवू नका, माझ्याच्यानेही उघडणार नाही." जास्तीची किल्ली तिने घरातल्याच कपाटात ठेवली. बाहेर ठेवावी एवढा विश्वास तिला कुणावरच उरला नव्हता. रोजची किल्ली ती थिएटरच्या सदऱ्याला आतल्या बाजूने, छातीशी, सेफ्टी पिनने लावायची आणि वर हात ठेवून दोनदा चाचपायची.

"एवढं काय आहे गं घरात?" मी विचारायची. "हिरे की माणकं?"

"आहे," ती म्हणायची. "तुला काय करायचंय?"

मी ते सगळ्यांना सांगत सुटायची आणि आम्ही खिदळायचो. ती हसायची नाही, पण रागवायचीही नाही. पिन नीट लागली आहे ना, तेवढं बघायची आणि हात धुवायला जायची.

हे हात धुणं म्हणजे काय, ते सांगायला हवं. आम्ही त्याला 'वॉश घेणं' म्हणतो. ऑपरेशनच्या टेबलाशी उभी राहणारी सिस्टर कोपरापर्यंत हात घासून धुते, निर्जंतुक गाऊन आणि हातमोजे चढवते, आणि मग ऑपरेशन संपेपर्यंत टेबलावरच्या वस्तूंखेरीज कशालाही हात लावत नाही. नाक खाजलं तरी नाही. हाडाचं ऑपरेशन असेल तर मधेमधे एक्स-रे काढावा लागतो, म्हणून गाऊनच्या आत शिशाचा जड एप्रन घालतात, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत, मागून पट्ट्यांनी घट्ट आवळलेला. दुसरी सिस्टर वॉश न घेता मोकळ्या हातांनी फिरत असते. सामान आणून देणं, दिवे वळवणं, फोन घेणं ही तिची कामं. त्या दिवशी ती फिरणारी मी होते. माझ्या बोटाला टाके होते. जन्मभर दुसऱ्यांच्या हातात सुऱ्या देऊन मला कधी ओरखडा आला नाही आणि घरी एका कांद्याने घात केला. जखम भरेपर्यंत मला वॉश घ्यायची मनाई होती.

टेबलावर कुणाचे तरी वडील होते. पडून मांडीचं हाड मोडलेलं, त्यात रॉड घालायचा होता. हाडांचे डॉक्टर ड्रिल चालवत होते, तिजोरी समोर उभी होती, आणि ड्रिलच्या आवाजात भिंतीवरचा फोन वाजला. ऑपरेशन चालू असताना रिसीव्हर कानाशी धरत बसायला नको म्हणून आम्ही त्याचं मोठ्या आवाजाचं बटण दाबून बोलतो.

"थिएटर," मी म्हटलं.

"हॉस्पिटल ना?" वयस्कर बाईचा आवाज होता, अगदी स्वच्छ आणि नम्र. "माफ करा हं, कामात त्रास देतेय. मला कुणीतरी घरात कोंडून ठेवलंय."

"अहो, हे ऑपरेशन थिएटर आहे. पोलिसांना फोन करा."

"त्यांचा नंबर इथे नाही. भिंतीवर मोठ्या अक्षरात हा एकच लिहिलाय. माझी मुलगी तुमच्याकडे सिस्टर आहे." आणि तिने मुलीचं नाव सांगितलं. "तिला फक्त एवढं सांगा की आईला कुणीतरी कोंडलंय. पुढचं ती बघेल. फार धीराची आहे ती, कुणाला भीत नाही."

ते नाव आम्ही कितीतरी दिवसांत उच्चारलं नव्हतं. ते तिजोरीचं नाव होतं.

मी वळून बघितलं. मास्कच्या वर तिचे फक्त डोळे दिसत होते. ड्रिल थांबलं होतं, तिने पुढचं हत्यार डॉक्टरांच्या हातात अचूक ठेवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "कुणी कोंडलेलं नाहीये. मीच लावते कुलूप."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "तू? आईला?"

"सांभाळणारी बाई सोडून गेली. दुसरी मिळत नाही. रजा मागितली तर म्हणाले, तुमच्याशिवाय टेबलाशी उभं कोण राहणार? आईला काही आठवत नाही आता. मागे बाहेर पडली तर भर चौकात गाड्यांच्या मधे उभी होती." तिचा आवाज सपाट होता. "गॅस बंद करून येते. जेवण झाकून ठेवते. दुसरं काय करू, सांग ना."

हिरे की माणकं, असं मी रोज विचारत होते. तेव्हाच तिने मला एक थोबाडीत का दिली नाही, असं वाटलं.

"ऐकताय ना?" फोनमधून आवाज आला. "आणि तिला सांगा, उशीर झाला तरी घाबरू नकोस. मी गॅलरीत खुर्ची नेऊन ठेवलीय. कठड्यावरून पाय टाकला की खालच्या छज्ज्यावर उतरता येईल असं वाटतंय."

"कितवा मजला?" मी कुजबुजले.

"तिसरा," तिजोरी म्हणाली.

"मावशी," मी फोनवर ओरडलेच, "मावशी, जाऊ नका! मी तुमच्या मुलीची मैत्रीण. माझ्याशी बोला जरा. जेवलात का?"

"आठवत नाही हो," त्या म्हणाल्या आणि हसल्या. "थांबा, बघून येते." रिसीव्हर बाजूला ठेवल्याचा आवाज आला.

दाराशी थिएटरचे मामा उभे होते, स्ट्रेचर ढकलणारे. गुडघे दुखतात म्हणून सावकाश चालतात, म्हणून आम्ही त्यांना विमान म्हणतो. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "किल्ली द्या," ते म्हणाले. "अॅम्ब्युलन्सवाल्याच्या मोटारसायकलवर बसून जातो."

किल्ली माझ्यापासून हातभर अंतरावर होती. तिजोरीच्या छातीवर, सदऱ्याच्या आत, त्यावर शिशाचा एप्रन, त्यावर निर्जंतुक गाऊन. मी तिच्या मागे गेले. गाऊनची पाठ निर्जंतुक धरत नाहीत, तिथे हात लागला तर चालतो. मी मानेजवळून हात आत घातला. एप्रनच्या पट्ट्या एवढ्या घट्ट होत्या की बोटं जेमतेम गळ्याच्या हाडापर्यंत पोचली. आणखी रेटलं. पिनेचं टोक लागलं. टाके घातलेल्या बोटाने ती उघडेना. मी ओढली, तसा तिचा खांदा हलला, पुढचा गाऊन सरकला आणि तिच्या हातातलं हत्यार जखमेत हललं.

"हात काढा!" डॉक्टर गरजले. "रक्तस्राव होतोय इथे. सक्शन! या माणसाच्या हाडात जंतू गेले तर उद्या पाय कापायला लागेल, कळतंय का?"

"सर, तिची आई तिसऱ्या मजल्यावर—"

"ऐकलंय मी! बहिरा नाही!" त्यांच्या कपाळावर घाम होता. "दुसरं कुणी वॉश घेऊन येऊ शकेल का? बघा."

शेजारच्या थिएटरमध्ये बाळंतपणाचं ऑपरेशन चालू होतं. तिथली सिस्टर तशीच अडकलेली. तिसरी रजेवर.

"काढ हात," तिजोरी हळूच म्हणाली. "सर बरोबर बोलतायत."

मी हात काढला. तिजोरीने मामांना पत्ता सांगितला आणि मी म्हटलं, किल्लीशिवायच जा, खाली माणसं गोळा करा, चादरी धरा, काहीही करा. मामा त्या दिवशी खरंच पळाले.

"शेजाऱ्यांचा नंबर?" मी विचारलं.

"माझ्या मोबाइलमध्ये. कपडे बदलायच्या खोलीत, मास्कच्या रिकाम्या खोक्यात, कपाटावर अगदी मागे."

मी धावत गेले. पाटीच्या मागे हात घातला, कपाटावर चढून बघितलं. खोकंच नव्हतं. चोराने नेलं, की रिकामं समजून झाडूवाल्या बाईने कचऱ्यात टाकलं, ते कळायला मार्ग नव्हता. तिथे उभी राहून मी त्या चोराला अशा शिव्या दिल्या की माझ्या आईने ऐकल्या असत्या तर तोंड धुवायला लावलं असतं. मग परत आले आणि मान हलवली. तिजोरीने एकदाच डोळे मिटले.

फोनवर पुन्हा आवाज आला. "जेवण आहे झाकलेलं. पण भूक नाही. ती निघाली का?"

"मला बोलू दे," तिजोरी म्हणाली. बोलायला तिला कुणाची आडकाठी नव्हती. तेवढंच तर तिला करता येण्यासारखं होतं. हात जखमेवर ठेवून ती मोठ्याने म्हणाली, "आई! मी बोलतेय."

"कोण मी?"

"अगं, मी. तुझी मुलगी."

"आलीस होय गं!" तो आवाज एवढा खुलला की भूल देणाऱ्या मॅडमनी मान खाली घातली. "बघ ना, कुणीतरी कुलूप लावून गेलंय. मी किती हाका मारल्या. दार हलवून हलवून हात दुखायला लागले."

"हो गं आई. घाबरू नकोस. गॅलरीत जायचं नाही. आत पलंगावर बसून राहा. मी येतेच."

"पण तू आत येणार कशी? किल्ली कुठेय?"

आमच्या कामात एक सवय लागते. टेबलाशी डॉक्टरांनी विचारलं, अमुक वस्तू कुठे आहे, की क्षणात आणि खरंखरं सांगायचं. सुई कुठे? माझ्याकडे. कात्री कुठे? इथे आहे. विचार करून उत्तर देणारी सिस्टर आमच्याकडे चालत नाही, आणि तिजोरीसारखी पटकन उत्तर देणारी दुसरी नाही.

"माझ्याकडे आहे," ती म्हणाली. "अगदी जपून ठेवलीय."

"तुझ्याकडे आहे?" आवाज बदलला होता. "म्हणजे तूच कोंडलंस मला."

"आई, ऐक ना—"

"माझ्या मुलीचा आवाज काढतेस? लाज नाही वाटत, म्हाताऱ्या बाईला फसवायला? माझी मुलगी मला अशी कोंडून जाईल होय?"

"आई, मीच आहे गं..."

फोन ठेवला गेला होता.

तिजोरीला घरचा नंबर विचारून मी लगेच उलटा फोन लावला. नुसती रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. थिएटरमध्ये ती दूरच्या घरातली रिंग सगळ्यांना ऐकू येत होती, आणि कुणी बंद कर म्हणेना. तिजोरीच्या डोळ्यांतून पाणी वाहून मास्कमध्ये जिरत होतं. ते पुसायला तिचे हात मोकळे नव्हते, म्हणून मी मागून जाऊन कापसाने पुसत राहिले. दुसरं काही मला करता आलं नाही. ती मात्र एकाही हत्याराला चुकली नाही. डॉक्टरांनी हात पुढे करायच्या आत वस्तू त्यांच्या हातात असायची. मला ते बघवत नव्हतं. चूक ना गं एकदा तरी, असं वाटत होतं.

शेवटी रक्त थांबलं, रॉड बसला. डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, जा तुम्ही. टाके घालतो मी. खाली माझी गाडी आहे, ड्रायव्हर आहे, दोघी जा." तरी तिने आधी कापसाच्या घड्या मोजल्या, पुन्हा एकदा मोजल्या, जखमेत काही राहिलं नाही ना बघितलं, आणि मगच हातमोजे ओढून काढले. एप्रन मीच सोडला. तो धाडकन जमिनीवर पडला. सदऱ्याची पिन तिने हिसडून काढली, कापड फाटलं, आणि आम्ही थिएटरच्या कपड्यांतच धावत सुटलो.

गाडीत ती एकदाच बोलली. "नाहीये माझ्याकडे, असं म्हणायला हवं होतं का गं?"

"तसं म्हटलं असतंस तरी त्या गॅलरीत गेल्याच असत्या," मी म्हटलं. हे खरं की खोटं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

इमारतीखाली घोळका जमला होता. मामा मधोमध उभे राहून चार माणसांकडून चादर ताणून धरवत होते. वर तिसऱ्या मजल्यावर गॅलरीत मावशी खुर्चीवर उभ्या होत्या. एक पाय कठड्यावर आणि दोन्ही हातांनी खांब धरलेला. शेजारच्या गॅलरीतल्या बाई त्यांच्याशी काहीतरी बोलत होत्या. आम्ही जिने कसे चढलो, ते आठवत नाही. त्या भारी कुलपात किल्ली पहिल्या झटक्यात फिरली.

"आई!" तिजोरी धावली.

त्यांनी वळून बघितलं. त्यांची नजर मुलीच्या चेहऱ्यावर नाही, तिच्या हातातल्या किल्लीवर गेली, आणि त्या किंचाळल्या. "जवळ येऊ नकोस! उडी मारीन!" कठड्यावरचा पाय आणखी पुढे सरकला.

तिजोरी जागच्या जागी थिजली. मग एकेक पाऊल मागे घेत, दाराबाहेर, जिन्याच्या कठड्यापर्यंत गेली. किल्ली तिने पाठीमागे धरली होती.

गॅलरीत मलाच जावं लागलं. "मावशी, मी हॉस्पिटलमधली," मी म्हटलं. "मघाशी फोनवर बोललो ना आपण? जेवण झाकलेलं होतं, आठवतं का?" त्यांनी मला निरखून बघितलं, माझे हॉस्पिटलचे कपडे बघितले आणि लहान मुलासारखे दोन्ही हात पुढे केले. मी त्यांना खाली उतरवलं. अंग गार पडलं होतं. मी त्यांना पलंगावर बसवलं, पाणी दिलं. त्यांनी माझा हात सोडला नाही.

"ती नाही आली?" त्यांनी विचारलं.

मी दाराकडे बघितलं. फाटक्या सदऱ्यातली माझी मैत्रीण जिन्यात उभी होती. आत यायचं होतं तिला, पण पाऊल उचललं की आई दचकत होती, म्हणून ती हलत नव्हती.

"बरं झालं नाही आली," त्या म्हणाल्या. मग मला जवळ ओढून कानाशी बोलल्या, पण म्हाताऱ्या माणसांचं कानाशी बोलणं जिन्यापर्यंत ऐकू जातं. "माझा निरोप द्या तिला. इकडे फिरकू नकोस म्हणावं. ही बाई तिलाही कोंडून ठेवेल."

"सांगते," मी म्हटलं.